जखम कोण भरतं?

प्रिय मित्रा,

तुझा तक्ता मिळाला. डावीकडे 'कथा', उजवीकडे 'गेमप्ले' (म्हणजे खेळताना आपण प्रत्यक्ष काय करतो ते), प्रत्येकाला दहापैकी गुण आणि तळाशी निकाल: जुन्या जपानी आरपीजींमध्ये (एखादं पात्र होऊन मोहिमेवर निघायचे व्हिडिओ गेम) गोष्ट होती, नव्यांत नुसता झगमगाट. मेहनत घेतली आहेस हे दिसतं, पण तो तक्ता तूर्त बाजूला ठेव. कथा आणि गेमप्ले असे दोन रकाने पाडलेस ना, तिथेच गडबड झाली.

१९८६ चा 'ड्रॅगन क्वेस्ट' घे. अख्खा गेम ६४ केबीत बसवलेला. तू मोबाइलवर काढून पाठवलेला तक्त्याचा फोटोच त्याच्या कितीतरी पट मोठा आहे! कागदावर गोष्ट दोन ओळींची, राजकन्येला सोडवायचं आणि ड्रॅगनलॉर्डला मारायचं. तू तिला चार गुण दिलेस. पण गेमचे रचनाकार युजी होरी यांनी शत्रूचा किल्ला सुरुवातीच्या राजवाड्यासमोरच, पाण्यापलीकडे ठेवला आहे. पहिल्या मिनिटापासून तो डोळ्यांसमोर असतो, आणि तिथे पोचायला मात्र सगळा नकाशा पालथा घालावा लागतो. पूल ओलांडला की जबर राक्षस, मेलास की निम्मं सोनं गायब. ते अंतर हीच तिथली गोष्ट आहे. तू एम्युलेटरवर (जुने गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) फास्ट फॉरवर्ड लावून खेळलास, मग ती तुला भेटणार कशी?

म्हणून गुण देणं सोड. त्याऐवजी एकच क्रिया धर आणि ती पिढ्यान्‌पिढ्या कशी बदलत गेली ते बघ. मी असतो तर 'बरं करणं' धरलं असतं. हा हीलिंगचा मेनू आपण इतक्यांदा उघडतो की त्याच्याकडे लक्षच जात नाही.

१९९२ च्या 'ड्रॅगन क्वेस्ट ५' मध्ये तू सुरुवातीला लहान मुलगा असतोस. बाप सोबत असला की लढाईत तो स्वतःच्या मर्जीने लढतो आणि लढाई संपली की न सांगता तुझ्या जखमा भरतो. त्याबद्दल कुणी भाषण देत नाही. पुढे त्याला तुझ्यादेखत मारतात, आणि तुझी दहा वर्षं गुलामीत जातात. सुटून बाहेर पडल्यावर पहिल्या लढाईनंतर मी सवयीने थांबलो होतो. काहीच झालं नाही. तेव्हा कळलं, आता मेनू आपणच उघडायचा. हे तुझ्या कुठल्या रकान्यात घालशील?

'फायनल फँटसी ७' (१९९७) बद्दल तू रडवणाऱ्या सिनेमासारखं लिहिलं आहेस. पण आपल्या गटातल्या एरिथचा मृत्यू नुसता पडद्यावर घडत नाही. तिची खास ताकद सगळ्या गटाला बरं करण्याची, म्हणून अनेकांनी तिला तासन्‌तास घडवलेलं असतं. पहिल्या सीडीच्या शेवटी ती जागा रिकामी होते. त्यानंतर लगेच लढाई सुरू होते आणि तिचीच धून वाजत राहते. (आमच्याकडे तेव्हा लोडशेडिंग होतं. सेव्ह पॉइंटच्या (खेळ जतन करायच्या जागेच्या) अलीकडे वीज गेली की दोन तास पाण्यात. एरिथला मी दोनदा गमावलं.)

आता 'फायनल फँटसी'चेच पुढचे भाग, २००१ चा 'दहा' आणि २००९ चा 'तेरा'. दोन्हींतली वाट सरळसोट, पण तू एकाला नऊ दिलेस आणि दुसऱ्याला तीन. कारण लिहिलंस 'लिनिअर'. हे चालणार नाही. 'दहा'त युना तीर्थयात्रेला निघालेली आहे, तिला आडवळण कशाला? देवळं, वाटेत भेटणारे लोक, सगळं त्या यात्रेचंच. तीच गटाला बरं करते, आणि या यात्रेच्या शेवटी तिचा जीव जाणार हे बहुतेक सोबत्यांना ठाऊक असतं. 'तेरा'त प्रत्येक लढाईनंतर तब्येत आपोआप पूर्ण भरते. त्यामुळे रचनाकारांना एकेक लढाई कडक करता आली, आणि त्या खरंच झकास आहेत. पण पळून चाललेली ही माणसं कधी थकलेलीच वाटत नाहीत. माझ्या मते खरी खोट इथे आहे, सरळ रस्त्यात नाही.

आणि 'पर्सोना ५' ला (२०१६) 'डेटिंग सिम्युलेटर' म्हणून उडवून लावू नकोस. तिथे चांगलं औषध हवं तर गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंशी ओळख वाढवावी लागते, त्यांच्या प्रयोगासाठी कडू औषधं प्यावी लागतात. त्यात गेममधल्या कॅलेंडरवरचा वेळ खर्च होतो आणि त्या दिवशी दुसरा मित्र राहून जातो. हा झगमगाट वाटतो तुला?

पुढच्या आठवड्यासाठी काम: 'फायनल फँटसी ४' मधला डोंगर चढ, जिथे नायक सेसिलसमोर त्याचंच काळं रूप उभं राहतं. तिथे काय करायचं ते नेटवर शोधू नकोस. जिंकल्यावर त्याची लेव्हल (ताकदीचा आकडा) किती झाली ते बघ आणि तसं का केलं असेल यावर मला एक पान लिहून पाठव. फास्ट फॉरवर्ड बंद.

तुझा,
दादा