डिस्कची सीमा की डिस्कची मर्यादा?

डिस्ककडून एका वेळी किती डेटा वाचावा किंवा तिच्यावर किती लिहावा यावर ऑपरेटिंग सिस्टिम जे बंधन घालते, त्याला 'सीमा' म्हणावे की 'मर्यादा', असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. 'दोन्ही चालतात' हे उत्तर इतक्यांदा कानांवर आले आहे की आता त्याचा वैताग येतो. निदान या विषयात तरी दोन्ही चालत नाहीत. मर्यादेचा 'अदब' हा अर्थ सर्वांच्या परिचयाचा असल्याने तो सोडून देतो.

प्राचीन व्युत्पत्तिकार यास्काने आपल्या 'निरुक्त' या ग्रंथात 'मर्यादा मर्यैरादीयते' अशी फोड केली आहे. मर्य म्हणजे मरणधर्मी माणूस, आणि माणसे आपण होऊन जी स्वीकारतात ती मर्यादा. मोनिअर-विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी कोशाला या शब्दाची घडण संशयास्पद वाटते. पण 'तरुणांना खाणारी', कारण हद्द राखताना ते मारले जातात, ही कल्पित व्युत्पत्तीही त्याच नोंदीत आढळते! ध्वनिनियम काहीही म्हणोत, मला यास्कच पटतो, कारण त्याची फोड लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमला तंतोतंत लागू पडते.

लिनक्समध्ये प्रत्येक डिस्कमागे असे दोन आकडे असतात. पहिला हार्डवेअरला झेपणारा कमाल आकार सांगतो आणि तो केवळ वाचता येतो. दुसरा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, प्रत्यक्षात पाळतो आणि प्रशासकाला तो पहिल्याच्या आत राहून बदलता येतो. पहिली सीमा, दुसरी मर्यादा. डिस्कशी बोलण्याच्या एटीए या पद्धतीतल्या जुन्या २८-बिट आज्ञेत सेक्टरांची, म्हणजे डिस्कवरच्या ठरावीक आकाराच्या कप्प्यांची, संख्या लिहायला ८ बिटच होते आणि शून्याचा अर्थ २५६ घेतला जाई. म्हणून ५१२ बाइटांच्या सेक्टरांत एका आज्ञेत १२८ किलोबाइटांपलीकडे जाताच येत नसे. हे बिटही माणसांनीच ठरवले होते, असा आक्षेप येईल. पण आज्ञेचा साचा एकदा ठरल्यावर ऑपरेटिंग सिस्टिमला कोणी संमती विचारत नाही.

'मर्यादा ओलांडल्यास वाचन-लेखनाची विनंती फेटाळली जाते' असे कोणी लिहिले, तर ते वाक्य दुहेरी चुकीचे ठरते. विनंती फेटाळली जात नाही. कर्नलचा ब्लॉक स्तर, म्हणजे डिस्कचे व्यवहार सांभाळणारा भाग, तिचे तुकडे करून ते डिस्ककडे धाडतो. (सीमन् या शब्दाचा एक अर्थ केसांतला भांग असाही आहे, त्यावरूनच 'सीमंत' आला, तेव्हा विभागणीची आठवण सीमेतही आहेच.) आणि ओलांडायची असते ती सीमा, मर्यादा पाळतात किंवा सोडतात.

मर्यादेचा सर्वांत निर्मळ नमुना मात्र डिस्कपासून दूर, वाचन-लेखनाच्या सिस्टिम कॉलमध्ये, म्हणजे प्रोग्राम कर्नलकडे करतो त्या मागणीत, सापडतो. ६४-बिट यंत्रावरही लिनक्स एका कॉलमध्ये २,१४,७४,७९,५५२ बाइटांहून अधिक देत-घेत नाही. हा आकडा म्हणजे दोनचा ३१ वा घात वजा ४०९६ बाइटांचे एक पान (मेमरीच्या वाटणीचे एकक). त्याहून अधिक मागितल्यास कर्नल चूक दाखवत नाही, जास्तीत जास्त तेवढेच देऊन किती दिले ते सांगतो, आणि उरलेले पुन्हा मागण्याचे काम प्रोग्रामवर सोडतो.