वाक्य आहे तसं वाच

प्रिय,

काल कोर्टातल्या बार रूमबाहेर तू विचारलंस, "सर, ज्यांच्या ऑफिसात मी काम शिकले, त्यांच्याच मित्राविरुद्ध कशी उभी राहू?" मी चहा मागवला आणि विषय बदलला. रात्री झोप लागली नाही, म्हणून हे पत्र.

थिओडोर सेजविक हा मॅसॅच्युसेट्सचा वकील. पुढे अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाचा सभापती झाला, मग राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश. ती पदं राहू देत. 1773 च्या जानेवारीत शेफील्ड गावात कर्नल जॉन अ‍ॅशलींच्या घरी ब्रिटिशांविरुद्ध ठराव तयार झाले. माणसं निसर्गतः समान आणि स्वतंत्र आहेत, असं त्यात लिहिलं होतं. समितीत अ‍ॅशली होते, लेखणी 26 वर्षांच्या सेजविककडे. आणि त्याच घरात बेट नावाची गुलाम बाई राबत होती.

मालकिणीनं तापलेलं फावडं दुसऱ्या एका गुलाम मुलीवर उगारलं, तो घाव बेटनं स्वतःच्या हातावर झेलला. मॅसॅच्युसेट्सच्या 1780 च्या राज्यघटनेत आलं होतं की सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान. बेटला वाचता येत नव्हतं, पण ऐकलेलं वाक्य तिनं आहे तसं धरलं आणि सेजविकचं दार गाठलं. अ‍ॅशली त्याच्या रोजच्या बैठकीतले, स्वतः न्यायाधीश राहिलेले. तरी त्यानं तिची बाजू घेतली. ऑगस्ट 1781 मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या ज्यूरीनं बेट आणि अ‍ॅशलींचाच दुसरा गुलाम ब्रॉम या दोघांना मुक्त ठरवलं, वर अ‍ॅशलींना 30 शिलिंग भरपाई लावली. बेटनं एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतलं.

वाक्य आहे तसं वाच, एवढंच मी तुला सांगतोय. ते आपल्या घरातल्या माणसाला अडचणीचं असेल, तेव्हा तर नक्कीच.

माझ्याकडेही एक मोलकरीण आली होती. समोरचा माणूस माझ्या पंगतीतला. मी तिला म्हणालो, "पुरावा कमी पडतो." पुरावा कमी नव्हता. तेव्हा मुलांच्या फिया होत्या, घराचा हप्ता होता, कामं त्याच माणसामुळे येत होती. हे खोटं नाही, आणि कुणीही तेच केलं असतं असं मी वर्षानुवर्षं स्वतःला समजावलं. पण ती जिना उतरताना कठड्याला धरून थांबली होती, तेवढंच आठवतं.

तू मात्र "सीनिअर काय म्हणतील" हे मला पुन्हा विचारू नकोस. चिडतो मी! आपल्या घटनेचं कलम चौदा, कायद्यापुढे सगळे समान, तुला तोंडपाठ आहे ना? मग वाक्य आहे तसं वाच. त्यात "ओळखीचे सोडून" असं कुठेच नाही.

सोमवारी वकीलपत्र दाखल कर. त्याआधी तुझ्या सीनिअरना स्वतः जाऊन सांग. बाहेरून कळू देऊ नकोस. आणि तुझ्या पक्षकार बाईंचा अंगठा घेण्याआधी कागद त्यांना पूर्ण वाचून दाखव, सावकाश.