३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५ या संख्येत एवढं विशेष काय आहे?

ही संख्या डावीकडून एकेक अंक घेत वाचायची आणि जितके अंक झाले तितक्याने भाग जातो का बघायचं. ३६ ला २ ने जातो, ३६० ला ३ ने, ३६०८ ला ४ ने, ३६०८५ ला ५ ने, ३६०८५२ ला ६ ने, ३६०८५२८ ला ७ ने (५१५५०४ येतात, करून बघा), आणि हे असं थेट पंचविसाव्या अंकापर्यंत चालतं. दशमान पद्धतीत अशी २५ अंकी संख्या ही एकटीच, २६ अंकी एकही नाही, त्यामुळे या प्रकारातली सगळ्यात मोठी हीच.

आता हे ऐकून बऱ्याच जणांना वाटतं की हिला १ ते २५ सगळ्यांनी भाग जात असणार. अजिबात नाही! शेवटी ५ आहे म्हणजे २ तिथेच बाद, अंकांची बेरीज ११० म्हणजे ३ पण बाद, ७, ११, १३ नेही जात नाही. प्रत्येक भाजकाचा संबंध फक्त त्याच्या त्याच्या तुकड्याशी.

मग पुढे एक अंक लावून २६ ने भाग जाणारी का नाही करता येत? शेवटी ० लावून २६ ने भागलं तर बाकी १२ उरते, म्हणजे अजून १४ मिळवायला हवेत, पण एका अंकात जास्तीत जास्त ९ च बसतात. विषय संपला.

मला खरी गंमत वाटते ती या साखळ्या (एकेक अंक पुढे जोडत वाढवलेल्या अशा संख्या) कशा मरत जातात त्याची. दहाव्या अंकापर्यंत कुठलीच साखळी अडत नाही, कारण लागोपाठच्या दहा संख्यांत १० किंवा त्याहून लहान भाजकाचा एक तरी पट सापडतोच, पण ११ पासून ती खात्री गेली. नऊ अंकी अशा संख्या २४९२, दहा अंकीही २४९२ च (दहावा अंक ० च लागतो, दुसरा पर्याय नाही), मग अकरा अंकी २२२५, वीस अंकी फक्त ४४, चोवीस अंकी ३ आणि शेवटी ही एक. सगळ्या मिळून २०४५६.

यात चमत्कार वगैरे काही नाही हां. एकूण २५ अंकी संख्या ९×१०^२४, त्यातल्या n अंकी तुकड्याला n ने भाग जायची शक्यता साधारण १/n, म्हणून त्याला २५ च्या फॅक्टोरियलने (१×२×३×…×२५) भागलं की साधारण ०.५८ येतं, म्हणजे एखादी सापडेल किंवा सापडणारही नाही असाच अंदाज होता, सापडली.

स्वतः तपासायचं असेल तर एक्सेलमध्ये टाकू नका, ते १५ अंकांच्या पुढे सगळी शून्यं करून टाकतं. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा घ्या, १ ते ९ ची यादी करा, प्रत्येकापुढे ० ते ९ लावून भाग जाणारे तेवढे ठेवत जा, यादी २४९२ च्या वर कधी जातच नाही त्यामुळे उत्तर लगेच येतं.