पंचक्रोशी सोडू नकोस

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. दक्षिण फ्रान्समधल्या ल सोमाय गावाजवळ, कनाल द्यु मिदी या कालव्याच्या काठी, तिसऱ्याच रात्री तुला उदास वाटू लागले, वाऱ्याने व्हॅन रात्रभर हलत राहिली, आणि आता उरलेल्या 18 दिवसांत प्रोव्हान्सपासून ब्रिटनीपर्यंत अकरा मुक्काम करून सुट्टी सत्कारणी लावावी का, असे तू विचारतोस. सोबतचा नकाशा पाहून मला आधी तुझा राग आला, आणि नंतर काळजी वाटली. म्हणून हे पत्र.

एकच गोष्ट सांगतो, आणि ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे: पंचक्रोशी सोडू नकोस.

व्हॅनच्या थांब्यावर 48 तासांहून अधिक राहता येत नाही, हे तुझे कारण मला पटत नाही. ती मर्यादा त्या जागेपुरती असते, साऱ्या मुलखापुरती नव्हे. गाडी काढ, 5-6 किलोमीटरवरच्या एखाद्या द्राक्षमळ्यात लाव (फ्रान्स पासिऑं या योजनेचा सभासद झालास तर मळेवाले एक रात्र विनामूल्य राहू देतात), किंवा गावाच्या कॅम्पिंगवर चार दिवस रीतसर पैसे भरून राहा. टॉयलेटची कॅसेट, म्हणजे खालची मैल्याची टाकी, रिकामी करायला आणि पाणी भरायला गाडी हलवावी लागणारच. पण हलवणे वेगळे आणि निघून जाणे वेगळे. एक मात्र सांभाळ. जिथे गाडी उभी करायला परवानगी आहे तिथे आत झोपणे चालते, पण बाहेर खुर्च्या मांडल्या, छत उघडले की ते तळ ठोकणे होते, आणि त्याला परवानगी लागते. काठावरच्या ज्या वाटेवरून पूर्वी घोडे होड्या ओढत, तिच्यावर गाडी घालू नकोस. ती वाट पायांसाठी आणि सायकलसाठी आहे.

आता वाऱ्याचे. तिथे मुख्यतः दोन वारे आहेत. वायव्येकडून येणारा त्रामोंतान कोरडा आणि जोरकस असतो. समुद्राकडून येणारा मारँ दमट असतो आणि ढग आणतो. तू सरकते दार कालव्याकडे हवे म्हणून गाडी आडवी लावलीस, असे तुझ्या फोटोत दिसते, म्हणजे साऱ्या वाऱ्याला तू गाडीची अख्खी कूस दिलीस. तिचे नाक वायव्येकडे कर. मला हे एका मुक्कामात पाचव्या दिवशी कळले होते, कारण शेजारी गळ टाकून बसणाऱ्या म्हाताऱ्याने हातवारे करून माझ्याकडून गाडी फिरवून घेतली. पहिल्या दिवशी तो माझ्याशी बोललाही नव्हता. तिसऱ्या दिवशी निघून जाणाऱ्याला कोणी काही सांगत नाही, हे तुला का समजत नाही?

तुला बघायलाच हवे असेल तर तुझ्या पंचक्रोशीत काय कमी आहे? तू ज्या पट्ट्यात आहेस तिथे 54 किलोमीटरपर्यंत एकही लॉक, म्हणजे होड्यांना खालीवर करणारे पाण्याचे दार, नाही. पिएर-पोल रिकेने कालवा डोंगराच्या कडेकडेने वळसे घेत नेला, जेणेकरून पाण्याची पातळी एकच राहावी. त्यामुळे सायकलला चढ लागत नाही. एका बाजूला सेस नदीवरचा, वोबाँ या लष्करी अभियंत्याच्या काळातला जलसेतू आहे, दुसऱ्या बाजूला रेप्यूद्र नदीवरचा, खुद्द रिकेच्या काळातला, जिथे खाली नदी आणि वर कालवा वाहतो. 1666 मध्ये कालव्याला राजाची मंजुरी मिळाली, 1681 मध्ये कालवा खुला झाला, आणि रिके त्याच्या काही महिने आधीच गेला. टपालाच्या होडीने तुलूझहून निघालेले प्रवासी तुझ्याच गावात रात्रीच्या मुक्कामाला उतरत. हे सारे एका दुपारी ‘उरकता’ येते, पण उरकू नकोस. त्याच जलसेतूवर सकाळी जा, मग संध्याकाळी जा.

मी इतका हट्टाने का लिहितो, तेही सांगतो. 2009 मध्ये आम्ही भाड्याची व्हॅन घेऊन बोर्दोहून नीसला निघालो होतो. त्रेब गावाजवळ तुझी काकू म्हणाली, इथे आठवडाभर राहू. दोन्ही काठांवर प्लेनची झाडे होती, आपल्या काश्मीरच्या चिनाराची भावंडे, आणि त्यांच्या फांद्या पाण्यावर एकमेकींत मिसळल्या होत्या. तिने चहाचा कप बोनेटवर ठेवला होता. मी म्हणालो, पुढच्या वर्षी. माझीही बाजू आहे: सुट्टी चौदा दिवसांची होती, भाडे रोजचे होते, नीसचे आरक्षण झालेले होते, आणि कोणताही जबाबदार माणूस तेच करता. तरी 2016 मध्ये आम्ही परत गेलो तेव्हा त्या काठावर सावली नव्हती. झाडांना बुरशीचा रोग लागला होता. तो या कालव्यावर 2006 मध्येच आढळला होता, म्हणजे आम्ही पहिल्यांदा तिथे उभे होतो तेव्हा ती झाडे मरणपंथाला लागलेली असू शकतील. रोग पाण्यातून पसरतो आणि झाडाला बांधलेल्या होडीच्या दोरानेही पसरतो. आजारी झाडे तोडून तिथेच जाळावी लागतात, आणि अशी हजारो गेली. आता तिथे दुसऱ्या जातींची रोपे आहेत. आज तुझ्या काकूच्या गुडघ्यांना व्हॅनची पायरी चढवत नाही. मला आता आरक्षणाचे कारण कोणी सांगू नये.

म्हणून तो नकाशा बाजूला ठेव आणि पंचक्रोशी सोडू नकोस. कंटाळा आला तर येऊ दे. चौथ्या-पाचव्या दिवशी तो येतोच, आणि त्याच्या पलीकडे गेल्याशिवाय तुला त्या गावाची सकाळ कशी असते हे कळणार नाही. मागच्या पत्रात तू ब्युटेनचा सिलिंडर घेतल्याचे लिहिले होतेस. ऑक्टोबर उलटला की पहाटे तो दगा देईल, शून्याच्या आसपास ब्युटेनचा वायू होत नाही. प्रोपेन घे. दुकाने दुपारी बारा ते दोन बंद असतात, तेव्हा सिलिंडर सकाळीच आण.

काकूने विचारले आहे की, तुझ्या मुक्कामाजवळ प्लेनची किती झाडे अजून उभी आहेत. दोन्ही काठांवरची नीट मोज आणि कळव.

तुझा,
काका