60 लिटरचा पहिला रीफ टँक: दोन आठवड्यांत मासे आणि कोरल टाकता येतील का?

तुम्ही विचारलंय की गोड्या पाण्याचा टँक काही वर्षं नीट सांभाळलाय, आता 60 लिटरचा छोटा रीफ टँक (खाऱ्या पाण्याचा, कोरल म्हणजे प्रवाळ असलेला) करायचाय, क्लाउनफिशची जोडी आणि थोडे कोरल हवेत, तर काय काय घ्यावं आणि दोन आठवड्यांत सगळं आत जाईल का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही जाणार. मासे साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात, कोरल त्यानंतर. तेवढं थांबायची तयारी असेल तर 60 लिटरमध्येही फार सुंदर रीफ होतो, माझा स्वतःचा त्याच मापाचा आहे आणि मला त्याहून मोठा करावासा वाटलेला नाही.

सामानाची यादी तुम्हाला कुठेही मिळेल, पण छोट्या टँकचं खरं दुखणं कोणी आधी सांगत नाही, ते म्हणजे उडून जाणारं पाणी. वाफ होऊन जातं ते फक्त पाणी, मीठ सगळं आतच राहतं. 60 लिटरच्या टँकमध्ये दगड आणि वाळू घातल्यावर प्रत्यक्ष पाणी राहतं 50 लिटरच्या आसपास. उघड्या टँकमधून, लाईट आणि पंप चालू असताना, दिवसाला लिटर-दीड लिटर सहज उडतं. दीड लिटर धरा, तीन दिवस तुम्ही बघितलंच नाही तर साडेचार लिटर गेलं, आणि 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग मीठ) असलेली सॅलिनिटी, म्हणजे खारेपणा, 38 च्या वर पोचली. मग घाबरून एकदम साडेचार लिटर ओतलं की ती धाडकन खाली. मासे एखाद वेळ सहन करतील, कोरल आणि गोगलगायी नाही करत. हेच 300 लिटरच्या टँकमध्ये झालं तर कोणाला कळतही नाही. म्हणून माझा आग्रह असा की बजेटमध्ये काय कापायचं ते कापा पण ऑटो टॉप-ऑफ घ्याच, म्हणजे पातळी खाली गेली की सेन्सर बाजूच्या डब्यातून आपोआप पाणी ओढतो. आणि त्या डब्यात गोडं आरओडीआय पाणी (आरओ आणि डीआय रेझिन अशा दोन टप्प्यांत शुद्ध केलेलं) भरायचं, खारं नाही, नवीन लोक इथे हमखास गोंधळतात. ते नसेल तर काचेवर मार्करने रेघ मारून ठेवा आणि रोज सकाळी रेघेपर्यंत हाताने भरा, रोज म्हणजे रोज.

पाण्याचंच पुढे. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन, फॉस्फेट, सिलिकेट, कधी पाइपातून आलेलं तांबं असतं आणि तांबं अगदी थोडं असलं तरी कोरल, कोळंबी, गोगलगायी यांना विष आहे. घरातल्या पिण्याच्या आरओवर पण भागत नाही कारण बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी थोडे क्षार परत मिसळलेले असतात. आरओच्या पुढे डीआय रेझिनचा टप्पा हवा, टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं उपकरण) 0 यायला पाहिजे. मीठ म्हणजे रीफसाठीचं सिंथेटिक मीठ, लिटरला साधारण 35 ते 38 ग्रॅम लागतं, ब्रँडप्रमाणे थोडं कमीजास्त. स्वच्छ बादलीत पाणी, पाण्यात छोटा पंप आणि हीटर, आणि मग थोडं थोडं मीठ पाण्यात टाकत जायचं. मीठ आधी ठेवून वर पाणी ओतलं तर कॅल्शियम खाली पांढरा गाळ होऊन बसतं.

सॅलिनिटी मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. काचेवर दोन थेंब, झाकण मिटताना बुडबुडा राहू द्यायचा नाही, अर्धा मिनिट थांबायचं म्हणजे थेंबाचं तापमान उपकरणाशी जुळतं, मग उजेडाकडे धरून निळा भाग जिथे संपून पांढरा सुरू होतो ती रेघ वाचायची. 35 पीपीटी किंवा 1.026 (विशिष्ट घनता) यायला हवं. कॅलिब्रेशन मात्र 35 पीपीटीच्या तयार द्रावणानेच करा, नुसत्या शुद्ध पाण्याने शून्य जुळवून मोकळे झालात तर 35 पाशी आकडा चुकीचा असू शकतो आणि तुम्ही महिनोन्महिने चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवून बसाल.

आता ते पाच-सहा आठवडे कशासाठी. नायट्रोजन सायकल तुम्हाला माहितीच आहे, अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट, इथे फरक एवढाच की हे काम करणारे बॅक्टेरिया मुख्यतः दगडात राहतात, दगड हाच तुमचा फिल्टर. सहा-सात किलो सच्छिद्र दगड पुरे. कोरडा दगड घेतला तर त्यावर नको ते किडे आणि एप्टेशिया (झपाट्याने पसरणारे उपद्रवी अ‍ॅनिमोन) येत नाहीत पण तो पिकायला वेळ घेतो, जिवंत दगड लवकर पिकतो पण सोबत काय येईल सांगता येत नाही. मी पहिल्या टँकला कोरडा दगड आणि बाटलीतले बॅक्टेरिया हाच सल्ला देतो. रचना करताना दगड थेट तळाच्या काचेवर टेकवा आणि वाळू नंतर घाला, नाहीतर वाळू उकरणारा मासा एक दिवस डोलारा पाडतो. दगड आणि बाजूच्या काचा यांच्यात हात आणि साफ करायचं मॅग्नेट जाईल एवढी जागा सोडा.

मग अमोनियम क्लोराइडने अमोनिया 2 पीपीएम (दशलक्षात 2 भाग) पर्यंत नेऊन ठेवा, पंप आणि हीटर चालू, लाईट बंद. लाईट लावून रिकामा टँक बघत बसायचा मोह होतो, पण त्या उजेडावर फक्त शेवाळं वाढतं. 2 पीपीएम अमोनिया टाकल्यावर 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की टँक तयार. एक मोठा वॉटर चेंज करून नायट्रेट खाली आणा आणि मासे आणा.

लाईट सुरू झाल्यावर वाळूवर तपकिरी धूळ बसल्यासारखा थर येईल. ते डायटम, एक प्रकारचं सूक्ष्म शैवाल. बहुतेक सगळ्यांकडे येतात आणि काही आठवड्यांत आपणहून जातात, त्यासाठी कुठलंही औषध ओतू नका. तो थर आला की गोगलगायी आणायची वेळ झाली, त्याआधी आणल्या तर उपाशी मरतात.

क्लाउनफिशची जोडी घेताना ऑसेलारिस घ्या, टँकमध्येच पैदास झालेली, आणि एक जरा मोठा, एक लहान असा घ्या. हे मासे जन्मतः मादी नसतातच, जोडीतला मोठा वरचढ मासा पुढे मादी होतो, म्हणून मापात फरक असला की मारामारी कमी. त्यांना अ‍ॅनिमोन (समुद्रफूल, ज्यात ते निसर्गात राहतात) लागतोच असं नाही. अ‍ॅनिमोन पहिल्या वर्षात आणूच नका, तो टँकभर फिरतो आणि पंपात अडकून मेला तर सगळं पाणी खराब करतो. जोडीला फार तर एखादा छोटा गोबी, बस. निळा टँग मनात असेल तर काढून टाका, तो 30 सेंटीमीटरपर्यंत वाढतो. मँडरिन मासा पण नको, दिसतो अप्रतिम पण दिवसभर दगडावरचे कोपेपॉड नावाचे बारीक जीव टिपून जगतो आणि नव्या छोट्या टँकमध्ये तेवढे नसतातच, हळूहळू वाळत जातो आणि ते बघवत नाही.

कोरल सुरुवातीला सॉफ्टच. मशरूम, झोअँथिड, ग्रीन स्टार पॉलिप (हा वेगळ्या सुट्या दगडावर ठेवा, मुख्य दगडावर एकदा चढला की आवरत नाही). रानातून तोडलेले नकोत, टँकमध्ये वाढवलेले फ्रॅग (कोरलचे छोटे तुकडे) घ्या, कोरल डिपमध्ये (कीड काढायच्या द्रावणात) बुडवून मगच आत. बहुतेक कोरलच्या शरीरात सूक्ष्म शैवाल असतं आणि ते उजेडावर अन्न बनवून कोरलला पोसतं, त्यामुळे लाईट रीफसाठीची निळ्या छटेची हवी, पण पहिल्या दिवशी पूर्ण ताकदीने नाही, 30-40 टक्क्यांवर 8 तास ठेवून काही आठवड्यांत वाढवत न्या.

झोअँथिडबद्दल एक गोष्ट अगदी गंभीरपणे सांगतो. त्यांच्यातल्या काहींमध्ये, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. हाताळताना ग्लव्ह्ज घाला, कापताना चष्मा घाला, आणि असा दगड कधीही उकळू नका किंवा गरम पाण्याने घासू नका, त्या वाफेने घरातली सगळी माणसं हॉस्पिटलमध्ये गेल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत.

बाकी उपकरणांचं थोडक्यात. हीटर आणि त्याला वेगळा थर्मोस्टॅट, 25-26 डिग्री. एक किंवा दोन छोटे पॉवरहेड (प्रवाह तयार करणारे पंप), पाणी दगडाच्या मागेही फिरलं पाहिजे. स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं उपकरण) 60 लिटरला सक्तीचा नाही, आठवड्याला 10 टक्के पाणी बदललं तर त्याच्याशिवाय छान चालतं आणि सॉफ्ट कोरलला लागणारं कॅल्शियम-अल्कलिनिटीपण त्याच नव्या पाण्यातून मिळतं, वेगळं डोसिंग लागत नाही. वायरींना प्लगच्या आधी खाली झोळ द्या म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकेल. वीज जात असेल तर बॅटरीवरचा एअर पंप आणून ठेवा, बंद पाण्यात आधी ऑक्सिजन संपतो.

टेस्ट किट पाच पुरेत: अल्कलिनिटी (पाण्याची पीएच स्थिर ठेवायची क्षमता), नायट्रेट, फॉस्फेट आणि सुरुवातीपुरतं अमोनिया आणि नायट्राइट. अल्कलिनिटी 8-9 डीकेएच (तिचं एकक), नायट्रेट 5-10 पीपीएम, फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम यात कुठेही असलं तरी चालेल, फक्त अल्कलिनिटी आज 7 उद्या 10 असं नको. गोड्या पाण्यातून आलेले लोक नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर न्यायला बघतात, इथे ते करू नका, दोन्ही शून्य झाले की कोरल फिके पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट नावाचा चिकट तपकिरी तंतूंचा त्रास सुरू होतो, तो डायटमसारखा आपोआप जात नाही.

तुमच्याकडे रिकामी काच असेल तर आजच आरओडीआय पाण्याची सोय बघा आणि टीडीएसचा आकडा इथे टाका. दगडाची रचना केलीत की चिकटवायच्या आधी फोटो टाकलात तर प्रवाह कुठे अडतोय ते बघून सांगतो.