विल्यम हॉय आणि कानांशिवायचा खेळ

प्रश्न : मी इंदूरच्या शाळेत मुलींना सॉफ्टबॉल शिकवते. संघातल्या एका मुलीला अजिबात ऐकू येत नाही. अमेरिकेत पूर्वी असाच एक बेसबॉलपटू होऊन गेला आणि अंपायरच्या खुणा त्याच्यामुळेच सुरू झाल्या, असं कळलं. खरं का? तो खेळायचा कसा?
– एक क्रीडाशिक्षिका, इंदूर

उत्तर : ते विल्यम हॉय. जन्म १८६२, ओहायो राज्यातला. तीन वर्षांचे असताना मेंदूज्वराने त्यांचे कान गेले. मूकबधिरांच्या शाळेतून पहिल्या क्रमांकाने बाहेर पडले, चांभारकाम केलं आणि १८८६ मध्ये व्यावसायिक खेळाडू झाले. १८८८ मध्ये वॉशिंग्टनकडून पहिल्याच मोसमात ८२ बेस चोरले (फटका नसतानाच पळून पुढचा बेस, म्हणजे मैदानातला पुढचा टप्पा, गाठला), लीगमध्ये सर्वांत जास्त. पुढच्या वर्षी एकाच सामन्यात आउटफिल्डमधून (मैदानाच्या मागच्या भागातून) फेकी करून तीन धावपटूंना होम प्लेटवर (धाव पूर्ण होते त्या जागी) बाद केलं. त्या काळी अशा माणसांना सर्रास ‘डमी’ म्हणत. तुमच्या मैदानावर तो शब्द कुणाच्याही तोंडी येऊ देऊ नका.

खुणांबद्दल : अंपायरांनी त्या हॉय यांच्यासाठी सुरू केल्या, याला त्या काळातला भक्कम पुरावा नाही. हॉय १९०२ मध्ये मोठ्या लीगमधून निवृत्त झाले, अंपायरच्या खुणा सर्वत्र रुळल्या त्यानंतर. पण त्यांची स्वतःची युक्ती पक्की ठाऊक आहे. बॅटिंग करताना चेंडूचा निकाल विचारायला ते मागे अंपायरकडे वळत, तेवढ्यात पिचर (चेंडू टाकणारा) पुढचा चेंडू टाकून मोकळा होई. म्हणून तिसऱ्या बेसजवळचा कोच उजवा हात वर करी स्ट्राइकला (बॅटरच्या विरुद्ध मोजला जाणारा चेंडू), डावा बॉलला (बाहेरून गेलेला, बॅटरने न मारलेला चेंडू).

ही युक्ती जशीच्या तशी उचलू नका. हॉय डावखुरी बॅटिंग करत, त्यामुळे तिसरा बेस त्यांच्या समोर यायचा. तुमची मुलगी उजव्या हाताने खेळत असेल तर तिची पाठ तिकडे होते. खूण करणारी पहिल्या बेसच्या कोच-चौकटीत उभी करा. बॉलची खूण हवीच, कारण अंपायर स्ट्राइकला हात उचलतो, बॉल मात्र नुसता तोंडाने पुकारतो.

फील्डिंगमध्ये तिला सेंटरला (आउटफिल्डच्या मधोमध) ठेवा. कडेला ठेवलंत तर सेंटरवालीची ‘माझा!’ ही हाक तिला कळणार नाही आणि दोघी एकमेकींवर आदळतील. उंच झेलावर सेंटरचा हक्क आधी असतो, म्हणून हाक तिनेच द्यायची. हॉयही सेंटरलाच असत. झेल घ्यायचा असला की घशातून एक बारीक आवाज काढत. तो ऐकला की शेजारचा बाजूला होई. बाकीच्या मुलींना हे पंधरा-वीस झेल देऊन घोटवून घ्या, ऐकायचं काम त्यांचं आहे.

बेसवर ती इतरांच्या मागे पडणार नाही. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत बेस सोडता येत नाही, आणि ते डोळ्यांनीच पाहायचं असतं. फक्त ‘टाइम’ (खेळ थांबवा) पुकारला की सगळ्यांनी दोन्ही हात वर करायचे, नाहीतर ती एकटीच धावत राहील.