आधी तुमचा टॉवेल ओला करून वास घेऊन बघा

"दिवसातून दोनदा आंघोळ करतो, डिओ मारतो, तरी दुपारपर्यंत अंगाला वास येतो. दिवसभर फ्रेश राहायला कोणता साबण आणि कोणता डिओ चांगला?" असं तुम्ही विचारलंय. साबणाचं नाव मी सांगणार नाही, जो घरात आहे तो चालेल. तुमचा टॉवेल शेवटचा कधी धुतला आणि तो वाळतो कुठे, हे मला आधी कळायला हवं.

मी सोलापूरचा. २१ वर्षं टेरी टॉवेलच्या, म्हणजे अंगावर धाग्यांचे वेटोळे (लूप) असलेल्या टॉवेलच्या कारखान्यात काढलीत, आधी मागावर आणि आता तयार माल तपासायला. तुमचा प्रश्न वाचला आणि २००९ सालचा मे महिना आठवला, म्हणून लिहायला बसलो. जरा लांबेल, पण तुमच्या कामाचं आहे.

त्या महिन्यात पुण्याला माझ्या ताईच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. पहाटे चारला उठलो. आमच्याकडे नळाला तेव्हाही रोज पाणी नव्हतं, आताही नाही, त्यामुळे बॅरलच्या तळाशी जेवढं होतं त्यातली अर्धी बादली घेतली. पण साबण लावून, डोक्यावरून, व्यवस्थित आंघोळ केली. दोरीवरचा टॉवेल घेऊन अंग पुसलं. कार्यक्रमासाठी मुद्दाम घेतलेला पॉलिस्टरचा शर्ट घातला आणि हुतात्मा एक्स्प्रेस गाठली. डब्यात ही गर्दी. अकराच्या आसपास ताईच्या दारात होतो.

आत होम चालू होता. हॉलमध्ये दाजींच्या ऑफिसातली माणसं बसलेली. मी मोठ्यांच्या पाया पडत आत गेलो तसा दाजींनी येऊन खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं कौतुकाने ठेवला. त्यांनी मला गॅलरीत नेलं, दार लोटून घेतलं आणि विचारलं, "आंघोळ करून आलायस ना रे?" मी हो म्हटलं. त्यांनी आतून स्प्रेची बाटली आणून माझ्या हातात दिली. "मार जरा. तुम्हा लूमवाल्यांना सवय असते, इथे चार लोक आहेत." आणि वर म्हणाले, "तुमच्याकडे पाणीच नाही, तुझा तरी काय दोष!" सगळ्यात जास्त मला हे शेवटचं वाक्य लागलं.

स्प्रे मारला. पंगतीला बसलो तेव्हा स्प्रेचा वास वेगळा आणि त्याच्याखालून येणारा आंबूस वास वेगळा, दोन्ही मला स्वतःला येत होते. ताई वाढायला आली. तिने सगळ्यांना आग्रह केला, माझ्या पानात मात्र मान खाली घालूनच वाढलं. दाजी तिच्याशी बोलले होते हे मला तेवढ्यावरून कळलं. संध्याकाळच्याच गाडीने परत निघालो.

घरी आलो तो डोक्यात एकच घेऊन, की मी आंघोळ केली होती, मग वास आला कुठून? दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि एकेक वस्तू हुंगत बसलो. बनियन, शर्ट, साबणाचा तुकडा, उशीचा अभ्रा. टॉवेल कोरडा होता तेव्हा त्याला काही वास नव्हता. मग त्याचा कोपरा तांब्यात बुडवला, पिळला आणि मिनिटभर मुठीत धरून ठेवला. हाताच्या ऊबेने जो वास वर आला, तोच. पंगतीत माझ्या नाकात होता तोच.

तो टॉवेल सेकंडचा माल होता. एका बाजूला लूप सुटलेत म्हणून कारखान्यातून कमी पैशात घरी आणलेला, चांगला जाडजूड. वडील, मी, बायको आणि पाच वर्षांची मुलगी, चौघांत तो एक. घर एका खोलीचं, दोरी आतच बांधलेली, मागे भिंत. एकाने पुसून टाकला की तो वाळायच्या आत दुसरा घ्यायचा. आणि पाणी वाचवायचं म्हणून पंधरा दिवसांतून एकदा धुवायचा. म्हणजे रोज पहाटे स्वच्छ झालेल्या अंगावर आम्ही चौघं पंधरा दिवसांचे जंतू चोळून घेत होतो, आणि वरून पॉलिस्टर चढवून ते उबवत होतो.

हे आता मी जंतू म्हणतोय ते मुलीमुळे. ती मायक्रोबायोलॉजी घेऊन बीएस्सी झाली. तिने सांगितलं की ताज्या घामाला जवळजवळ वास नसतोच. अंगभर ज्या घामाच्या ग्रंथी असतात त्यांतून पाणी आणि मीठ येतं. काखेत आणि जांघेत दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी असतात, त्यांच्या घामात स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं असतात, आणि कातडीवरचे जंतू ती खाऊन जे बाहेर टाकतात त्याला वास येतो. ओलसर राहिलेल्या कपड्यांचा तो कुबट वास येतो ना, त्यामागचा एक जंतू मोराक्सेला ऑस्लोएन्सिस. धुणं नीट झालं नाही की तो धाग्यातच राहतो, कापड वाळलं तरी तग धरतो आणि पुन्हा ओल मिळाली की जागा होतो. माझ्या मुठीत झालं ते हेच.

पॉलिस्टरचंही मी मनाचं सांगत नाही. २०१४ साली बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातल्या लोकांनी २६ जणांना सुती आणि पॉलिस्टरचे टी-शर्ट घालून सायकलिंगचा व्यायाम करायला लावला आणि ते टी-शर्ट दुसऱ्या दिवशी हुंगून पाहिले. पॉलिस्टरला जास्त घाण वास होता. पॉलिस्टर घाम शोषत नाही, पण काखेतलं तेल धरून ठेवतं. तुमच्या शर्टाची काख उलटी करून बघा. कापड तिथे कडक, मेणचट लागत असेल तर तो शर्ट धुतलेला असला तरी स्वच्छ नाही. सोलापूरच्या ४२-४३ डिग्रीत पॉलिस्टरचा शर्ट घालून ऑफिसला जाणाऱ्याने डिओला नावं ठेवू नयेत.

आता टॉवेलचं. सोलापूरच्या चादरीसारखंच आमच्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, मला त्याचा अभिमान आहे आणि माझं पोट त्याच्यावरच आहे. तरी सांगतो, घरात रोजच्या वापराला जाड टॉवेल घेऊ नका. टेरीला दोन ताणे, म्हणजे उभ्या धाग्यांचे दोन संच लागतात, एक जमिनीचा आणि एक लूपचा. लूप जितके उंच आणि दाट, तितकं पाणी जास्त धरणार आणि तितकंच ते सोडायला वेळ लावणार. ४५० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम), ७० बाय १४० सेंटीमीटरचा टॉवेल कोरडाच ४४० ग्रॅमच्या आसपास भरतो. ६०० च्या पुढचे हॉटेलवाल्यांसाठी ठीक आहेत, ते रोज धुतात. तुमच्या-आमच्या घरात ३०० च्या आसपासचा हलका टॉवेल घ्या, नाहीतर सरळ पंचा. माझ्या वडिलांनी जन्मभर चादरीच्या मागावर काम केलं आणि अंग पंच्याने पुसलं. मी टेरी घरात आणला तेव्हा ते कुरकुरले होते. त्यांचं ऐकलं नाही.

प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, हे तर पाहिजेच. वापरला की घडी घालून टाकायचा नाही, पसरून टाकायचा. बाथरूममध्ये अजिबात ठेवायचा नाही. तीन-चार वापरांनंतर गरम पाण्यात धुवायचा. खूप दिवसांचा वास धरला असेल तर पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकून तासभर बुडवून ठेवा. वास असलेलं ते मऊ करणारं लिक्विड टॉवेलला कधीच लावू नका, त्याचा थर लूपवर बसतो आणि टॉवेल पाणी कमी टिपतो. आणि ऊन. सोलापुरात दुसरं काही फुकट मिळो न मिळो, ऊन मिळतं. पाण्याची मला जाणीव आहे, आठवड्याचं पाणी बॅरलमध्ये मोजून वापरणारी बायकामाणसं माझ्याही घरात आहेत. पण हलका टॉवेल एका बादलीत धुऊन होतो, जाड टॉवेलला तीन लागतात. पाणी कमी आहे म्हणूनच हलका घ्या.

आंघोळीला अर्धी बादली पुरते हे मी दाजींना आजवर सांगत आलोय. पाणी किती ओतलं याला महत्त्व नाही, हात कुठे फिरला याला आहे. काख, जांघ, कानामागे, बेंबी, पायाच्या बोटांच्या बेचक्या. एवढ्या ठिकाणी साबण लावून बोटांनी चोळा आणि साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा. मग तेवढीच ठिकाणं नीट कोरडी करा. शॉवरखाली वीस मिनिटं उभं राहून काखेला हात न लावणारी माणसं मी पाहिलीत. दाजींचं म्हणणं अजून तेच आहे, भरपूर पाणी, बॉडीवॉश आणि वर स्प्रे. त्यांच्या बाथरूमला खिडकी नाही आणि आतल्या दांडीवर जाड टॉवेल कायम दमट लटकलेला असतो. मागच्या दिवाळीत मी त्यांना दोन हलके टॉवेल नेऊन दिले आणि हे सगळं समोर बसून सांगितलं. ते "बघू" म्हणाले. टॉवेल अजून पिशवीतच आहेत असं ताई म्हणाली.

डिओचं विचारलंत म्हणून सांगतो. नुसता डिओ वास झाकतो आणि थोडेफार जंतू मारतो, घाम थांबवत नाही. घाम कमी करायचा तर डब्यावर अँटीपर्स्पिरंट लिहिलेलं बघा. त्यात ॲल्युमिनियमचे क्षार असतात, ते घामाच्या नळीच्या तोंडाशी बसतात. ते रात्री झोपताना कोरड्या काखेत लावायचं. सकाळी घाईत, ओल्या अंगावर लावून फारसा उपयोग होत नाही. स्वस्तातलं हवं तर तुरटी, जी न्हावी दाढीनंतर फिरवतो तीच. तीही ॲल्युमिनियमचाच क्षार आहे. खडा ओला करून काखेत फिरवा आणि वाळू द्या. केस काढल्या दिवशी मात्र लावू नका, आग होते. मी गेली पंधरा वर्षं तुरटीवर आहे आणि बारा तासांची पाळी करून येतो. मागाच्या शेडमध्ये पंखा लावला की तूस उडतं, त्यामुळे आमचा घाम कसा असतो ते तुम्ही समजू शकता.

पावडर घामात गोळा होऊन बेचक्यांत बसते, ती मला पटत नाही. बूट एकच जोड असेल तर दुसरा घ्या आणि आलटून पालटून घाला. जीभ घासा. शेंगाचटणीतल्या लसणाचा वास रक्तातून फुप्फुसांत येतो, तो ब्रशने जात नाही, त्यामुळे इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री ती खाऊ नका, बाकी रोज खा.

एक गोष्ट आधी लिहायला हवी होती. जांघेत किंवा काखेत खाज आणि गोल चट्टे असतील तर तो बहुधा नायटा आहे, आणि एकच टॉवेल सगळ्यांनी वापरला की तो घरभर होतो. मेडिकलमधून मनानेच मलम आणून लावू नका. त्यांतल्या पुष्कळ मलमांत स्टिरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं आणि मग दुप्पट पसरतो. कातडीच्या डॉक्टरकडे जा. इतकी वर्षं नसलेला वास अचानक यायला लागला, रात्री गादी भिजेल इतका घाम येत असेल किंवा शुगर असलेल्या माणसाच्या श्वासाला पिकल्या फळासारखा वास आला, तर तिथे टॉवेलचा संबंध नाही. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. काहींना मुळातच घाम खूप येतो, त्यावरही उपचार आहेत.

बाकी आज घरी गेलात की टॉवेलचा कोपरा ओला करून मिनिटभर मुठीत धरा, आणि काय निघालं ते मला कळवा.